गुरांच्या रँचवर लँडस्केप : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

रंगपेटी घेऊन कॅलिफोर्निया आणि टेक्सासच्या कुरणांवर बाहेर पडणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं साठली होती. त्यातले निवडक प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. सगळ्या उत्तरांना एक गोष्ट लागू आहे: रँच हे गुरं पाळण्याचं, रोजच्या कामाचं ठिकाण आहे. त्या कामाची माहिती असली की माणूस सुरक्षित राहतोच, शिवाय समोरचं दृश्य तसं का दिसतं हेही कळू लागतं.

प्रश्न : आमच्या घरामागच्या टेकड्यांवर गुरं चरताना दिसतात. पण रँच म्हणजे खासगी जमीन. मग चित्राला बसायचं कुठे? (फ्रीमाँट)

ओळखीपाळखी होईपर्यंत सार्वजनिक जागेवर सुरुवात करा. ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्ट आपल्या अनेक उद्यानांत रँचरना गुरं चारू देतं, कारण चरलेल्या गवतामुळे उन्हाळी वणव्याला इंधन कमी मिळतं. मिशन पीक तुमच्या दारातच आहे. सुनोलही जवळच आहे, ब्रायोनेस थोडं लांब. ओकची झाडं, तारेची कुंपणं, पाण्याच्या टाक्या, काळ्या गायी हे सगळं तिथे पायवाटेवरून दिसतं. मोठा गट नेणार असाल तर उद्यानाच्या कार्यालयाला आधी विचारा.

खासगी रँचसाठी मालकाला लेखी विचारा आणि पत्रात तारीख, माणसं किती, गाडी कोणती, किती वाजेपर्यंत थांबणार हे स्पष्ट लिहा. सोबत हेही विचारा: वळू आणि नवी वासरं कोणत्या कुरणात आहेत? त्या दिवशी गुरं हलवायची आहेत का? आत कोणत्या फाटकाने यायचं? गाडी कुठे लावायची? मध्य कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवर बहुतेक वासरं सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये जन्मतात आणि मे-जूनमध्ये आयांपासून वेगळी करून विक्रीला जातात. मोंटानात मात्र वासरं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होतात. म्हणून एका राज्यातला अंदाज दुसरीकडे चालत नाही.

सँटा बार्बरा परिसरात रँचरना चित्रकार नवे नाहीत. रे स्ट्राँग आणि आर्तुरो तेयो यांनी १९८६ साली तिथे 'ओक ग्रुप' सुरू केला. बांधकामाखाली जाऊ शकतील अशा मोकळ्या जमिनी रंगवायच्या आणि चित्रांच्या विक्रीतून त्या वाचवायला हातभार लावायचा, हे या गटाचं काम.

फाटकाबद्दल एकच नियम: जसं सापडलं तसं ठेवा. उघडं दिसलं म्हणून भलेपणाने लावू नका. गुरांना पलीकडच्या पाण्यापर्यंत जाता यावं म्हणून ते मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं. तारेचं सैल फाटक लावताना त्याच्या मोकळ्या टोकाच्या दांड्याचं खालचं टोक आधी खांबावरच्या खालच्या फासात घाला, मग दांडा खांद्याने खांबाकडे रेटून वरचा फास चढवा. उलट केलं तर ताण येत नाही आणि पहिलीच गाय ते पाडते. प्लॅस्टिकच्या खुंट्यांवरून बारीक तार गेलेली दिसली तर ती विजेची समजा. तिच्यात साधारण दर सेकंदाला काही हजार व्होल्टचा झटका सोडलेला असतो. ॲल्युमिनियमचं ईझल (चित्राची तिपाई) आणि छत्रीची दांडी तिच्यापासून लांब ठेवा.

प्रश्न : काम सुरू केलं की गुरं भोवती गोळा होतात. घाबरावं का? (सॅन लुइस ओबिस्पो)

अर्धवर्तुळ करून उभी राहिलेली गुरं बहुधा तरुण असतात आणि कुतूहलाने येतात. त्यांच्यापासून धोका माणसापेक्षा सामानाला जास्त असतो. ती पॅलेट चाटतात, ईझलला अंग घासतात, गाडीचे आरसे वाकवतात. शांतपणे दोन पावलं त्यांच्या दिशेने टाका, ती मागे सरतात. प्रत्येक जनावराभोवती एक अदृश्य रिंगण असतं. आत शिरलात की ते हलतं, बाहेर पडलात की थांबतं. कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या टेंपल ग्रँडिन यांनी या वर्तनाचा आयुष्यभर अभ्यास केला आहे. गायीला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त शेपटीमागचा भाग दिसत नाही. म्हणून थेट मागून जाऊ नका. बाजूने, तिरके, तिला दिसत राहाल असे चाला.

खरा प्रश्न जागेचा असतो. पाण्याचा हौद, मिठाचा ठोकळा, फाटक, दोन कुंपणांमधली बोळ आणि खुरांनी तुडवलेली वाट या जागा टाळा. मोकळ्या कुरणातलं एकटं सावलीचं झाडही टाळा. सकाळी आठला ते रिकामं असतं. अकराला ऊन चढलं की सगळा कळप तिथेच येतो. बुंध्याची साल घासून गुळगुळीत झालेली असेल आणि खाली शेणाचा थर असेल तर ती जागा गुरांची आहे. कुंपण मधे ठेवून बाहेरून काम करणं सगळ्यात चांगलं. ते शक्य नसेल तर गाडी आडवी लावून तिच्या आडोशाला बसा.

नुकतं जन्मलेलं वासरू उंच गवतात एकटंच पडलेलं दिसतं. ते हरवलेलं नसतं. आई जवळच चरत असते. त्याच्याकडे जाऊ नका आणि दोघांच्या मधे कधीच येऊ नका. वळू तुमच्याकडे कुशीची बाजू करून उभा राहिला, मान खाली घालून माती उकरू लागला, तर तो इशारा आहे. त्याच्यावर नजर ठेवून हळूहळू मागे सरा, पळू नका. ईझल तिथेच राहू द्या. कुत्रा बरोबर नेऊच नका. वासरू असलेली गाय कुत्र्यावर धावते आणि कुत्रा धावत तुमच्याकडे येतो.

गुरं हलवण्याच्या दिवशी छत्री मिटून ठेवा. फडफडणारं कापड, चमकणारा धातू, कुंपणावर टांगलेलं जाकीट एवढ्यानेही कळप थबकतो किंवा उलटा वळतो, आणि रँचरची सकाळ वाया जाते.

प्रश्न : टेकड्यांचं सोनेरी गवत रंगवलं की ते मोहरीच्या शेतासारखं दिसतं. पिवळा कमी केला तर चिखल होतो. तैलरंगात काय मिश्रण करावं? (सॅक्रामेंटो)

गवत पिवळं आहे हे आपल्याला आधीच माहीत असतं, त्यामुळे हात कॅडमियम यलोकडे जातो. ते गवत खरं तर वाळलेलं काड आहे. उन्हातल्या भागासाठी तीन भाग टायटॅनियम व्हाइट, दोन भाग यलो ऑकर आणि किंचित बर्न्ट सिएना घ्या. चमकदार पिवळा काडीच्या टोकावर मावेल इतकाच, तोही जवळच्या उजळ जागी. तरीही रंग भडक वाटला तर अल्ट्रामरीन आणि क्रिमसनचा जांभळा कणभर मिसळा. जांभळा पिवळ्याला शांत करतो. चिखल होतो तो पांढरा आणि काळा घालून रंग मंदावण्याच्या प्रयत्नात.

मागे जाणाऱ्या प्रत्येक टेकडीत पिवळा कमी करत तोच जांभळा-निळा वाढवा. सगळे टप्पे आधी पॅलेटवर शेजारी शेजारी तयार करा, मगच ब्रश पॅनेलला लावा. दोन टप्पे पॅलेटवर वेगळे दिसत नसतील तर चित्रात ते एकमेकांत मिसळणारच.

उजेड-सावलीबद्दल जॉन एफ. कार्लसन या चित्रकार-शिक्षकाचा नियम अनेकांना ठाऊक असेल: आकाश सगळ्यात उजळ, त्यानंतर सपाट जमीन, मग उतार, आणि उभी झाडं सगळ्यात गडद. कॅलिफोर्नियाच्या उन्हाळ्यात हा नियम मोडतो. कलत्या उन्हातली वाळकी टेकडी गडद निळ्या आकाशाहूनही उजळ असू शकते. डोळे अर्धे मिटून बघा. आकाश सवयीने फिकं केलं की गवताला उजळ व्हायला जागाच उरत नाही, मग आपण त्यात पिवळा ओतत जातो. तुमची अडचण बहुधा इथेच आहे.

गवत एकदम वाळतं त्यालाही कारण आहे. या टेकड्यांवरचं रानओटसारखं बहुतेक गवत भूमध्य समुद्राकाठचं आहे. स्पॅनिश वसाहतीच्या काळात ते इथे पोचलं आणि पसरलं. ते एकवर्षायू असल्यामुळे हिवाळ्याच्या पावसावर उगवतं, वसंतात बी धरतं आणि मरतं. म्हणून साधारण डिसेंबर ते एप्रिल हिरवं, मेपासून सोनेरी, आणि ऑक्टोबरपर्यंत ऊन खाऊन राखाडी. ऑक्टोबरचं चित्र जूनच्या मिश्रणाने रंगवू नका. ऑकर निम्मा करा.

ओकच्या झाडांसाठी ट्यूबमधला हिरवा नको. सदाहरित कोस्ट लाइव्ह ओकचा गडद भाग दोन भाग अल्ट्रामरीन, एक भाग बर्न्ट सिएना आणि एक भाग यलो ऑकरने येतो. पानझडीचा व्हॅली ओक याहून उजळ, तर ब्लू ओक निळसर राखाडी. गुरं चरतात तिथे झाडाचा पर्णसंभार खालून सपाट कापल्यासारखा दिसतो, कारण जमिनीपासून सुमारे दीड मीटरपर्यंतची कोवळी पानं ती खाऊन टाकतात. ही सपाट रेषा घेतली की झाड रँचवरचं वाटतं; न घेता गोल झुडूप काढलं तर ते बागेतलं होतं. पानांतून दिसणारं आकाश मूळ आकाशापेक्षा एक छटा गडद ठेवा, नाहीतर झाडाला भोकं पडल्यासारखी दिसतात.

उतारावर आडव्या समांतर पायऱ्या दिसतात, त्या गुरांच्या वाटा. त्यांतल्या तीन-चारच काढा. टेकडीचा गोलवा त्यांनीच उभा राहतो. कुंपणाच्या एका बाजूचं गवत चरलेलं आणि दुसरीकडचं उंच असेल, तर रंगाची ती सरळ सीमा रचनेत जरूर वापरा. तारा काढायची गरजच राहत नाही.

प्रश्न : गायी स्थिर राहत नाहीत आणि काढल्या की आपल्या खिल्लारांसारख्या दिसतात. मापं कशी धरावीत? (सांगलीहून, सध्या मुक्काम सान होजे)

हाताला वशिंडाची सवय आहे, ती मोडावी लागेल. तिथल्या काळ्या अँगस गायींना वशिंड नसतं, मानेखालची लोंबती पोळी जवळजवळ नसते आणि शिंगंही नसतात. ही जात जन्मतःच बिनशिंगी आहे. पाठ सरळ, धड आयताकृती आणि खोल, पाय आखूड. उभ्या गायीच्या एकूण उंचीपैकी निम्म्याहून अधिक धडच असतं. उंच गवतात पाय दिसतच नाहीत, ते कल्पनेने काढू नका.

मापासाठी क्षितिजरेषा वापरा. प्रौढ गायीची पाठ जमिनीपासून सुमारे १३५ सेंमी. तुम्ही उभे असाल आणि डोळ्याची उंची १६० सेंमी असेल, तर सपाट जमिनीवरची प्रत्येक गाय, जवळची असो की लांबची, तिच्या पायापासून क्षितिजापर्यंतच्या अंतराच्या पाच-षष्ठांश उंच दिसेल. म्हणजे सगळ्या पाठी क्षितिजाच्या किंचित खाली. स्टुलावर बसलात की डोळा सुमारे ११५ सेंमीवर येतो आणि सगळ्या पाठी क्षितिजाच्या किंचित वर जातात. एक गाय वर आणि दुसरी खाली असं झालं की एक हत्तीएवढी किंवा शेळीएवढी वाटते. चढउतारावर हे गणित चालत नाही. तिथे जवळचा कुंपणाचा खांब मोजपट्टी म्हणून धरा.

हालचालीवर उपाय सोपा आहे. गुरं सकाळी आणि दुपार कलल्यावर चरतात, मधल्या उन्हात बसून रवंथ करतात. बसलेली गाय बराच वेळ मिळते. चरणारी गाय काढायची तर कागदावर चार-पाच अर्धवट आकृत्या एकदम सुरू करा. एक हलली की दुसरीवर जा; थोड्या वेळाने कळपातली दुसरी कुणी पहिलीच्याच ढंगात उभी राहते, तेव्हा ती पुरी करा. चरताना कळपाची तोंडं बहुधा एकाच दिशेला असतात, तो ओघ चित्रात आला पाहिजे.

काळ्या गायीला काळा रंग वापरू नका. पाठीवर आकाश पडतं, ती निळसर राखाडी आणि अपेक्षेपेक्षा बरीच उजळ असते. पोटाखाली गवताचा उबदार रंग परततो. सगळ्यात गडद भाग या दोहोंच्या मधे, कुशीवर. दूरच्या गायीला एवढ्या तीन छटा पुरतात. डोळे-नाक काढलं की ती पुढे उडी मारते.

प्रश्न : जे. जे.मध्ये शिकलेल्या पद्धतीने जलरंगात ओल्यावर ओलं काम करते. इथे आकाश पुरं होण्याआधीच कागद वाळतो. (फ्रेझ्नो)

मुंबईच्या दमट हवेवर बसलेला हात फ्रेझ्नोच्या कोरड्या उन्हात घाई करतो आणि वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या पसरट थरात, कडा पडतात. कागद १०० टक्के कापसाचा, किमान ३०० ग्रॅमचा घ्या. तो दोन्ही बाजूंनी भिजवून ॲक्रिलिकच्या पत्र्यावर चिकटवा. लाकडी फळी पाणी शोषते, पत्रा शोषत नाही, त्यामुळे कागद खालून ओला राहतो. वॉशच्या पाण्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब पुरतात. जास्त झालं तर रंग चिकट राहून धूळ धरतो. ब्रश नेहमीपेक्षा दोन नंबर मोठा घ्या, मिश्रण दुप्पट करून ठेवा आणि कागद सावलीत ठेवा. छत्री पांढरी किंवा राखाडीच हवी. रंगीत छत्री कागदावर आपला रंग टाकते.

रंगाचं पाणी दोन लिटर वेगळं न्या. हौदात ब्रश धुवू नका आणि वापरलेलं पाणी त्यात ओतू नका. दुपारनंतर वारा वाढतो. तिपाईचे पाय पसरून मधल्या हुकाला तीन-चार किलो वजन टांगा. त्यासाठी पाण्याची बाटली पुरते. वजनाला दगड उचलू नका, खाली रॅटलस्नेक हा विषारी साप असू शकतो.

प्रश्न : ऑस्टिनजवळ कुंपणाच्या खांबांवर जांभळे पट्टे दिसतात. आणि तिथल्या काही गायींना वशिंड कसं? (टेक्सास)

जांभळा पट्टा म्हणजे 'आत येऊ नका'. टेक्सासच्या कायद्यात तो पाटीइतकाच ग्राह्य आहे. पट्टा उभा, किमान ८ इंच लांब आणि १ इंच रुंद असतो, आणि त्याची खालची कड जमिनीपासून ३ ते ५ फुटांवर असते. तो दिसला की रस्त्याच्या कडेलाच थांबा.

वशिंडवाल्या गायी अमेरिकन ब्राह्मण जातीच्या. गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णा व्हॅली या भारतीय गुरांपासून ही जात तिथे घडली. कृष्णा व्हॅली म्हणजे आपल्या सांगली-कोल्हापूरपासून उत्तर कर्नाटकापर्यंतच्या कृष्णाकाठची गुरं. टेक्सासच्या किंग रँचने ब्राह्मण आणि शॉर्टहॉर्न यांच्या संकरातून सँटा गर्ट्रूडिस ही गडद तांबडी जात काढली. १९४० मध्ये तिला मान्यता मिळाली. तिच्यासाठी बर्न्ट सिएनात क्रिमसन घाला, आणि इथे मात्र पोळीच्या घड्या मनापासून काढा.

प्रश्न : रँचर म्हणाले, 'एक टाचणीसुद्धा मागे ठेवू नका.' एवढी कडक अट का? (सँटा मारिया)

गाय चारा न निवडता, फारसा न चावता गिळते. गवतातली टाचणी, स्टेपल किंवा तारेचा तुकडा पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात जाऊन अडकतो आणि तिथून टोचत पडद्यापलीकडे हृदयापर्यंत पोचू शकतो. यावर उपाय म्हणून काही ठिकाणी गायीला लोहचुंबक गिळायला देतात. म्हणून कागद टाचण्यांनी नव्हे, चिकटपट्टीने लावा, आणि पट्टीही मोजून परत न्या. चिंधी आणि प्लॅस्टिकही गुरं खातात.

रंगांतलं शिसं त्याहून वाईट. गुरं रंग चाटतात, आणि शिशाची विषबाधा गुरांत नेहमी आढळते. फ्लेक व्हाइट हा शिशाचा पांढरा घरीच ठेवा. कॅडमियमऐवजी हान्सा यलो आणि पायरोल रेड वापरलं तर चित्राचं काही बिघडत नाही. पॅलेट खरवडलेला रंग डब्यात भरून परत आणा.

आगीचंही तितकंच बघा. जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी चुरगळून ठेवली तर आपोआप तापून पेट घेऊ शकते. ती पाणी भरलेल्या धातूच्या बंद डब्यात टाका. गाडी वाळक्या गवतावर लावू नका, खालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) गवत पेटवायला पुरेसा तापतो. हवामान खात्याचा 'रेड फ्लॅग' (वणव्याच्या धोक्याचा) इशारा असेल त्या दिवशी जाऊ नका.

प्रश्न : गावी आमच्या गोठ्यात गायी आहेत. पुढच्या महिन्यात मुलीकडे कॅलिफोर्नियाला जातोय, रँचवर चित्रं काढायची आहेत. रंग आणि बूट इथूनच न्यावेत का? (सातारा)

बूट नेऊ नका, तिथे नवे घ्या. लाळ्या-खुरकूत आपल्याकडे आहे. अमेरिकेत तिची शेवटची साथ १९२९ मध्ये, कॅलिफोर्नियातच आली होती. विषाणू बुटाच्या मातीतून आणि कपड्यांतून जातो. विमानतळावर 'शेतावर किंवा जनावरांजवळ होता का' असं विचारतात. 'हो' म्हणा, ते फार तर बूट निर्जंतुक करून देतात. पोचल्यावर किमान पाच दिवस तिथल्या गुरांजवळ जाऊ नका आणि रँचरलाही आपण गोठ्यातून आलोय हे आधी सांगा.

तैलरंगाच्या ट्यूब चेक-इन सामानात नेता येतात. जवसाच्या तेलातले रंग सहज पेटणारे नसतात. उत्पादकाचं सुरक्षा-पत्रक छापून सोबत ठेवा आणि 'पेंट' न म्हणता 'आर्टिस्ट्स कलर्स' म्हणा. टर्पेंटाइन, मिनरल स्पिरिट मात्र विमानात चालत नाहीत, तिथेच घ्या. परतीच्या आधीचे दोन आठवडे रंग पातळ लावा आणि पांढरा अल्किडचा वापरा, तो साधारण दिवसभरात वरून वाळतो. तरी ओलं राहिलेलं पॅनेल दुसऱ्या पॅनेलसमोर तोंड करून धरा, चारही कोपऱ्यांत आगकाडीचे तुकडे घाला आणि कडेने चिकटपट्टी गुंडाळा.